बिनसाहेबाचा पुकारा

झनकलाल पटले तारखेला येत ते माझा आवाज ऐकायला. मी तालुक्याच्या कोर्टात शिपाई. व्हरांड्यात उभं राहून पक्षकारांची नावं तीनदा पुकारणं हे माझं काम. त्यांच्या खटल्यातला आरोपी वर्षानुवर्षं यायचा नाही. तरी झनकलालभाऊ देवरीपलीकडच्या गावाहून पहिल्या बसने येत, आरोपीच्या नावाचा पुकारा ऐकत आणि समाधानाने चहा प्यायला जात.

आरोपी होता माजी मंत्री. नव्याण्णव साली कालव्याच्या पाण्यासाठी झनकलालभाऊंनी त्याच्या गाडीला काळा झेंडा दाखवला. पोलिसांनी ठाण्यात नेऊन त्यांच्या तळपायांवर पट्टे मारले. मंत्री स्वतः येऊन बघून गेला आणि जाताना म्हणाला, "अजून द्या." पुढे त्याचं मंत्रिपद गेल्यावर झनकलालभाऊंनी फिर्याद केली. मंत्र्याचं नाव गाळा, नुसती पोलिसांवर फिर्याद करा, असं पुष्कळांनी सुचवलं.

"मारनाऱ्याचा हात दुखून राहिला होता," ते म्हणत. "तो थांबलाच होता. याच्या बोलन्यानं पुन्हा सुरू झाला."

पहिल्याच तारखेला मी पुकारलं, "माजी मंत्रीसाहेब हाजिर हो!" मंत्र्याचं नुसतं नाव घ्यायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती. झनकलालभाऊ उठून माझ्याजवळ आले.

"काऊन रे बाबू, मले त नुसतं झनकलाल म्हनून बोंबललास. आरोपी कायचा साहेब?"

आतून न्यायाधीश म्हणाले, "फक्त नाव." दुसरा पुकारा व्हरांड्यापुरताच गेला. तिसरा मात्र बसस्टँडपर्यंत गेला.

खटल्याला शासनाची परवानगी लागते की नाही, यात नऊ वर्षं गेली. मंत्री कर्तव्य बजावत होता, असं शासनाचं म्हणणं. शेवटी वरच्या कोर्टाने सांगितलं, कोणाला मारायला लावणं हे मंत्र्याचं कर्तव्य नव्हे.

"हे मले ठान्यातच समजलं होतं," झनकलालभाऊ म्हणाले. "कोर्टाले बस उशिरा भेटली."

आरोपीला शिक्षा झाली तेव्हा झनकलालभाऊ हयात नव्हते. मला त्याचं आजही वाईट वाटतं. पण आरोपी कोर्टात हजर झाला तो दिवस त्यांनी पाहिला. माजी मंत्री काठी टेकत आत आला. वकिलाने वयाकडे बोट दाखवून खुर्ची मागितली. न्यायाधीशांनी फिर्यादीला विचारलं, काही हरकत?

झनकलालभाऊंनी त्याच्या काठीकडे पाहिलं. त्यांच्या जागी मी असतो तर खुर्ची देऊ नका म्हणालो असतो.

"बसू द्या साहेब," ते म्हणाले. "मारल्यावर मले त्याच पायावर दोन दिस उभं ठेवलं होतं. लय दुखते."

खुर्ची मीच नेऊन ठेवली. झनकलालभाऊंची साक्ष संपेपर्यंत माजी मंत्री तिच्याशेजारी उभाच राहिला.