कोरा गोल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. देवालासुद्धा नाही. त्याच्यापुढे हात जोडले की बोटं दिसतात, म्हणून मी पदराच्या आतूनच हात जोडते. हसू आलं ना? मलाही येतं कधीकधी.

पण आधी वहिनीबद्दल सांगू द्या. ती अक्कलकोटकडची. लग्न होऊन भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आली, तेव्हा मराठी बोलता बोलता कानडीत घसरायची, आणि चिडली की नुसती कानडीच. माझ्यावर मात्र कधी चिडली नाही. मी तिची एकुलती एक नणंद. छळण्याचा हक्क खरा माझा, पण तिनं मला लाडावूनच ठेवलं. भाकरीचा फुगलेला पापुद्रा आधी माझ्या ताटात, वरून शेंगाचटणी, आणि चटणीवर दही. दिवसभर आम्ही समोरासमोर मशीनवर बसून टॉवेलच्या कडा शिवायचो. माझा दोरा तुटला की तीच उठून ओवून द्यायची. अशा माणसाशी कुणी वाईट वागतं का?

गिरिजा तिची लेक. अकरा वर्षांची असताना तिच्या मानेवर, कानांमागं, छातीवर बारीक दाणे उठले — खरखरीत, तपकिरी. आम्ही म्हटलं घामोळं. सोलापूरच्या मे महिन्यात घामोळं कुणाला होत नाही? पण पाऊस येऊन गेला, थंडी पडली, तरी दाणे हटेनात. अंगाला वास यायला लागला. वर्गातल्या मुली बाक सोडून बसू लागल्या. माझ्या आईनं न्हाणीघराबाहेर एक वेगळा खिळा ठोकला आणि पोरीचा टॉवेल त्यावर टांगला. त्याच संध्याकाळी वहिनीनं स्वतःचं तोंड त्या टॉवेलला पुसलं, आणि पुढं रोज तोच वापरला.

मी मात्र सगळ्यांच्या टॉवेलला तोंड पुसत राहिले. का, ते सांगते. जरा थांबा.

कातडीच्या डॉक्टरांकडे वहिनी आणि मी गिरिजाला घेऊन गेलो. दादा लूमवर पाळीला होता. डॉक्टर भले माणूस. त्यांनी कागदावर विटा काढून दाखवल्या — कातडीच्या पेशी अशा एकमेकींना धरून असतात, हिच्या नीट धरत नाहीत, म्हणून दाणे उठतात. आजार फार क्वचित कुणाला होतो. परदेशी नाव होतं त्याला, आमच्या जिभेला ते कधी वळलं नाही. एकाचा दुसऱ्याला अजिबात लागत नाही, म्हणाले. ऊन आणि घाम यांनी वाढतो, पुरता जात नाही, पण सांभाळता येतो. आणि तो रक्तातून येतो, आईकडून नाहीतर वडिलांकडून. मग त्यांनी गिरिजाचं नख आमच्यापुढं धरलं. त्यावर लाल-पांढऱ्या उभ्या रेघा, टोकाला बारीक खाच. वडिलांच्या घरात अशी नखं कुणाची? वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरचं मलाच ठाऊक असणार ना!

मी नाही म्हणाले.

माझ्या बोटांना तेव्हा मरून नेलपॉलिश होतं. कायमच असतं. त्याच्याखाली त्याच रेघा आहेत, तीच खाच. ब्लाउजच्या आत, काखेपाशी, तेच दाणे — थोडे, पण तेच. अप्पांनाही होते. माझे वडील भर उन्हाळ्यात सदऱ्याचं गळ्याचं बटण लावून बसायचे, ते काही उगीच नाही. दादाची नखंही तशीच, पण लूमवर राबणाऱ्या माणसाची नखं कोण बघतं? मी बघितली होती. डॉक्टरांनी वहिनीला तपासलं, काही सापडलं नाही. कधीकधी इतकं सौम्य असतं की दिसत नाही, असं ते म्हणाले. आईला तेवढं पुरलं. सुनेच्या माहेरचं रक्त! त्या दिवसापासून आमच्या घरात तो आजार अक्कलकोटचा झाला.

तेव्हा मला नातेपुत्याचं स्थळ आलं होतं. पण त्यांना दुसरी मुलगी पसंत पडली आणि ते आलं तसं गेलं. मग काय अडलं होतं? त्यानंतरही मी गप्पच राहिले.

गिरिजा पंधरा वर्षांची असताना गॅदरिंगच्या नाचातून तिला वगळलं. घरी येऊन ती वहिनीला म्हणाली, "तुझ्यामुळं झालंय हे." मी समोरच मशीनवर होते. वहिनीनं मान खाली घातली आणि तिच्या पाठीला मलम लावत राहिली. मी टॉवेलची कड दुमडली आणि शिवली. पाय चालतच राहिले मशीनवर. तुम्ही असता तर थांबला असता?

आता आई गेली, दादाही गेला. गिरिजा पुण्यात नोकरी करते. मोठी गोड पोर झालीय. बिनबाह्यांचे कपडे घालते, कुणी टक लावून पाहिलं तर स्वतःच आजार समजावून सांगते. तिचं लग्न ठरलंय. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचा तक्ता मागितलाय, पुढं तिच्या मुलाबाळांचं सांगता यावं म्हणून. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि ज्याला आजार, त्याची खूण काळी करायची. गेल्या रविवारी ती कागद घेऊन आली. "आत्या, तुझा हात छान आहे, तूच काढ." मी अप्पांचा चौकोन काढला, आईचा गोल, दादाचा चौकोन, माझा गोल. मग वहिनीचा काढला आणि पेन थांबलं.

वहिनी शेंगाचटणीचा डबा भरत होती. तिला वाटलं, मला तिचं वाईट वाटतंय.

"कर की काळा, सुमन," ती म्हणाली. "आमच्याकडनंच आलंय म्हणत्यात. पोरीला उपयोग हुईल तर होऊ दे की."

मी तो गोल काळा केला. सावकाश, कडेबाहेर जाऊ न देता. वहिनी वाकून बघत होती. किती नीट काढलंस गं, म्हणाली.

कागद पुण्याला गेला. त्यात माझा गोल कोरा आहे.