आधी मीठ, मग पाणी

ओट्यावर लिंबाचं सरबत सांडलं. त्या वासासरशी मला कॉलेजातली रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा आठवली. मिठाचं एक मोलर द्रावण करायचं होतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने फ्लास्क लिटरच्या खुणेपर्यंत पाण्याने भरला आणि मग त्यात मीठ ओतलं. पाणी खुणेच्या वर चढलं.

“वा! पाणी लिटरभर झालं,” बाई म्हणाल्या. “आता द्रावण लिटरभर कधी करताय?”

तो घामाघूम झाला. बाई वळताच मी कुजबुजले, “आधी मीठ विरघळव, मग खुणेपर्यंत पाणी.” तो कसाबसा पास झाला.

आज काठोकाठ भरलेल्या भांड्यात साखर ओतणाऱ्या नवऱ्याला मी म्हटलं, “अहो, तेव्हा काय सांगितलं होतं?”

फडकं शोधत हे म्हणाले, “पास झालो, तूही मिळालीस. आता कशाला शिकू?”