मातीतल्या सासूबाई

आमच्या वस्तीवर, विहिरीजवळच्या लिंबाखाली, धाकट्या दिरांनी सासूबाईंचा अर्धपुतळा बसवला आहे. जाणारेयेणारे गाडी थांबवून बघतात आणि छान झालाय म्हणतात. मला तो डोळ्यांसमोर नको वाटतो. सासूबाईंशी माझं कधी पटलं नाही म्हणून मी नाक मुरडते, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलंय. पटलं नाही हे खरंच आहे. पण हा पुतळा त्यांचा नाही.

चौथीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हा मला कलेतलं कळतं असं मी म्हणणार नाही. पण बघायची खोड जुनी आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवर एका पेंटरने उकिरडा उकरणारी कोंबडी काढली होती. एक पाय मागे फेकलेला, मान तिरकी, डोळा किड्यावर. ती बघत मी घंटा झाल्यावरही उभी राहायची. त्या माणसाने कोंबडी नीट पाहिली होती, एवढंच मला कळायचं. आता तिसगावच्या स्टँडवर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यातले सगळे चेहरे एकाच मैद्याचे केलेले असतात. ते करणाऱ्याने कुणाकडे पाहिलेलंच नसतं. त्यावरचे लोक मात्र खूश असतात, याचा मला जास्त राग येतो.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांच्या तोंडावर गोंदण होतं. दोन भुवयांमध्ये एक चांदणी आणि हनुवटीवर तीन ठिपके, त्यातला एक घसरलेला. त्या लहान असताना जत्रेत गोंदणारी बाई बसली होती, तिने यांचं डोकं गुडघ्यांत धरून सुई चालवली. तिसऱ्या ठिपक्याला यांनी हिसका दिला. पाय चेपून घेताना एकदाच त्यांनी मला हे सांगितलं, आणि लगेच म्हणाल्या, "हसतीस काय, चेप." त्या बाईचं नाव कुणाला माहीत नाही, पण तिची चांदणी म्हातारपणी सुरकुत्यांतसुद्धा उठून दिसायची.

त्या गेल्यावर दिरांनी पुतळ्याचं काढलं. ते नगरला राहतात, बांधकामाची कामं घेतात. त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी शेतात आईचा पुतळा बसवला होता, म्हणून आपलाही पाहिजे. आजारपणात दोन वेळा येऊन गेलेला माणूस पुतळ्यासाठी मात्र दर आठवड्याला फोन करत होता.

पुतळे करणाऱ्याचं पत्र्याचं शेड नगर रोडला आहे. आत पुढाऱ्यांची धडं ओळीने ठेवलेली, सगळ्यांना सारखेच कोट. ते बघूनच माझं मन विटलं. त्याची पद्धत अशी, की आधी मातीत चेहरा करायचा, घरच्यांना बोलावून दाखवायचा, ते हो म्हणाले की साचा घ्यायचा. नंतर ती माती पुन्हा भिजवून दुसऱ्याच्या कामाला. त्याच्याकडे सासूबाईंचा आधार कार्डावरचा फोटो होता आणि त्यात त्या मेल्यासारख्याच दिसत होत्या. म्हणून त्याने निरोप दिला, रोज बरोबर राहिलेलं कुणीतरी पाठवा. आमच्या ह्यांनी मला नेलं आणि स्वतः बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

"ताई, बोलताना तोंड कसं व्हायचं त्यांचं?" त्याने विचारलं.

परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मी खाली बघत राहिले. त्याने पुन्हा विचारलं नाही, माती थापत राहिला. तेव्हा मला सांगता येईना म्हणून मी करून दाखवलं. डावा डोळा बारीक केला, खालचा ओठ आत ओढला, हनुवटी पुढे काढली. भाजीत मीठ जास्त झालं की त्या अशा करायच्या.

तो हसला नाही. "असंच राहा," म्हणाला. माझ्याकडे बघायचा आणि अंगठा चालवायचा. मध्येच म्हणाला, "गोंदण होतं का?" मी बोटाने जागा दाखवल्या. त्याने काडीने टोचे मारले. तिसरा सरळ ओळीत मारला तेव्हा मी मान हलवली. त्याने तो बुजवला आणि थोडा खाली, डावीकडे घेतला.

मग तो बाजूला झाला. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले आणि पदर डोक्यावर घेतला. आता या विचारतील, दूध वर ठेवलंस का. मेलेल्या माणसाची एवढी भीती मला घरात त्यांच्या खाटेजवळही वाटली नव्हती. त्या माणसाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या समोर होत्या. कोट घातलेली ती धडं करणारा हाच, यावर विश्वास बसेना. घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना वाटलं, गाडी लागली.

रविवारी सगळे बघायला गेलो. दीर, जाऊबाई, हे आणि मी. त्याने ओलं फडकं काढलं. हे एक पाऊल मागे सरकले, ते मी पाहिलं.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं बाई, ह्या तर भांडायलाच उठल्यात."

"हे काय केलंय?" दीर म्हणाले. "चार मोठी मानसं हार घालायला येनार. आई म्हंजे कशी, मायाळू पाहिजे. आन् ही टिपकी कशाला? गावंढळ दिसतंय."

"घरून सांगितलं तसं केलं," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी दिरांच्या तोंडावर बोलले. "असू द्या भावजी. ह्या अशाच होत्या."

"तुमाला आईचा राग हुता वहिनी, म्हनून तुमाला रागीट चेहरा आवडतोय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना तो चेहरा बघून मागे सरकावं लागलं होतं, म्हणजे ह्यांनी आईला ओळखलं होतं. हे म्हणाले, "धाकटा म्हनतोय तसं करा. त्यालाच सगळं कळतंय."

दिरांनी मोबाईल काढला. त्यात सासूबाईंचा एक फोटो कुठल्यातरी ॲपमधून गुळगुळीत करून आणला होता. गाल भरलेले, ओठ हसरे, कपाळ कोरं. पुतळेवाल्याने तो बघितला. मला वाटलं, हा नाही म्हणेल. ज्याला एवढं करता येतं त्याने हे मोडू नये. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं. मातीत आहे तोवर सांगा, साच्यात गेलं की मग काही करता येत नाही."

त्याने अंगठा पाण्यात बुडवला आणि ओठांच्या कडा वर सारल्या. डावा डोळा उघडला. हनुवटी मागे घेतली. ठिपके तर एका फटक्यात पुसले. चांदणी थोडी खोल होती, तिला माती भरावी लागली. सासूबाई जाताना मला रडू आलं नव्हतं, इथे आलं. जाऊबाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा, बाईंनापण भरून आलं."

दिरांवर माझा राग होताच, तो वाढला. पण सगळ्यांत जास्त राग मला त्या पुतळेवाल्याचा आला आणि अजून आहे. दिरांनी आईकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. याने बघितलं होतं, माझ्या तोंडावरून का होईना, आणि तरी पुसलं. त्याच्याइतका चांगला कलाकार मी दुसरा पाहिला नाही. त्याचं तोंड पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

पुतळा बसला. हार झाले, जेवणं झाली. संध्याकाळचा दिवा वस्तीवरच्या सुनेने लावायचा, असं मला न विचारता ठरलं. मी लावला नाही. कुणाला सांगितलंही नाही.

पुढच्या अमावस्येला दीर आणि जाऊबाई आले. कोरडी पणती बघून दीर म्हणाले, "वहिनी, आईम्होरं दिवा न्हाई लावत तुमी?"

"न्हाई लावत."

"का पन?"

"आत्याबाई होत्या तोवर त्यांचं मी सगळं केलं," मी म्हणाले. "ह्या बाई तुमच्या वळखीच्या हायेत. तुमीच लावा."

त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे मोटर चालू करायला विहिरीकडे गेले. मी शेणाची पाटी उचलून गोठ्यात गेले. मला ते शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. आतून दिसत होतं, जाऊबाई वाऱ्यात काड्या ओढत होत्या. पणती पेटल्यावर त्यांनी दिरांना पुतळ्याशेजारी उभं केलं, मोबाईलवर फोटो काढला, आणि दोघं अंधार व्हायच्या आत नगरला निघून गेले.