हौदातली खीर

आमच्या परळच्या चाळीमागे सिमेंटचा एक जुना हौद होता. संपाला वर्ष होत आलं तेव्हा बाबांनी तो घासूनपुसून त्यात मासे सोडले. डास होऊ नयेत म्हणून गप्पी आणि हौसेचे सात लाल. गिरणीत साचे चालवणारा माणूस आता मासे सांभाळतोय म्हणून लोक हसायचे. हसू देत मेले! त्याआधी बाबा दहा-दहा वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. ते मी बघितलं होतं, हसणाऱ्यांनी नाही.

थंडी पडली तसे त्यांचे नियम सुरू झाले. पाणी एकदम बदलायचं नाही, चार तांबे काढायचे, चार घालायचे. पिंपळाचा पाला रोज उचलायचा. आणि खायला जवळजवळ काहीच नाही. "गारठ्यात माशाला पचत नाही. टाकलेलं कुजतं, पाणी नासतं," हे येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे. आईला तेवढं सांगितलं नाही. घरात ते बोलायचेच कुठे? तोंड उघडलं की डाळ संपल्याचा विषय निघायचा.

आई चार घरची धुणीभांडी करायची. बाबांना कामावर परत घ्यावं म्हणून तिने मार्गशीर्षातले गुरुवार धरले होते. शेवटच्या गुरुवारी कुठून कुठून दूध-साखर जमवून तिने खीर केली. बाबांना दिली, आम्हा भावंडांना दिली आणि स्वतःची वाटी घेऊन मागे गेली. मी पाठोपाठ होते.

"पंधरा दिवस घास नाही गं मुक्या जिवांना," म्हणत तिने ती सगळी हौदात ओतली.

मला नियम पाठ होता. तरी गप्प बसले. खरं सांगायचं तर ती वाटी मला दिली नाही, याचाच राग आला होता.

शनिवारी सकाळी पाण्याला आंबूस वास आणि मासे सगळे उलटे. बाबा चाळणीने ते काढत होते. "मी खीर घातली होती," आई म्हणाली.

बाबांनी वर बघितलं नाही. "देवीकडे माझ्यासाठी काम मागत होतीस ना? हे बघ, मिळालं."

आता आई रडणार, असं मला वाटलं. कसली रडतेय! "मला काय ठाऊक थंडीचं," ती म्हणाली. "मला वाटलं, आमच्यासारखंच त्यांनाही उपाशी ठेवलंय तुम्ही."

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. पानावर बसल्यावर त्यांनी पुन्हा कधी दुसऱ्यांदा भात मागितला नाही.