आधी फूल भिजवा

लेन्सवाल्या दीदींच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग असे. जबलपूरच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डॉक्टरेट माझ्याकडे होती. दीदी नुसत्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांच्या कपाटांच्या सहायक. तरी मुलं हातात फांदी घेऊन माझ्या टेबलावरून सरळ त्यांच्याकडे जात. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट व्हायचा.

त्यांचं एकच पालुपद. मी पान पाहून झाडाचं नाव सांगू लागलो की म्हणायच्या, "काहून एवढी घाई करून राहिले, सर? आधी फूल भिजवा, मग बोला." वाळलेलं फूल कोमट पाण्यात टाकून त्या चहा पीत बसत, नरम झालं की टाचणीने उलगडून भिंगाखाली धरत. घमापूरच्या घरून आणलेल्या डब्यातली अर्धी पुरणपोळी मला देत. मला तीही गोड लागत नसे.

हर्बेरियमची एक रीत आहे. ओळख चुकली तरी जुनं लेबल काढायचं नाही; शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी लावायची, खाली आपलं नाव. माझ्या लेबलांशेजारी दीदींच्या चिठ्ठ्या बऱ्याच होत्या. त्यांच्या लेबलांशेजारी माझी एकही नव्हती.

मग एकदा सापडलं. पांढऱ्या फुलांचं एक झुडूप त्यांनी काळा कुडा म्हणून नोंदवलं होतं. पानांवरून मला तो सरळसरळ पांढरा कुडा दिसला. मुलांना गोळा करून मी त्यांच्यादेखत चिठ्ठी चिकटवली. दीदींनी ती वाचली आणि हसल्या. "अच्छा. राहू द्या न, सर. कपाट पुढे तुमच्याचकडे येऊन राहिलं आहे." मला वाटलं, हरल्या.

त्या निवृत्त झाल्या, किल्ल्या माझ्याकडे आल्या. गेल्या वर्षी त्या वारल्याचं कळलं, त्या दुपारी मी तो कुड्याचा कागद काढला आणि त्यावरचं एक फूल कोमट पाण्यात टाकलं. उलगडलं तर तोंडाशी बारीक झालर. काळ्या कुड्याला ती असते, पांढऱ्याला नसते. दीदी बरोबर होत्या, आणि त्यांना ते तेव्हाही ठाऊक होतं. मला रडू आलं, तेही रागानं. मेल्यावरही बाई वरचढ!

मी नवी चिठ्ठी लावली: 'मूळ ओळख बरोबर.' खाली माझंच नाव.

हल्ली मुलं फांदी घेऊन माझ्याकडे येतात. मी म्हणतो, "पहले फूल भिगोओ, फिर बोलो." त्यांना वाटतं, हे वाक्य सरांचंच. या एका चुकीशेजारी मी अजून चिठ्ठी लावलेली नाही.