म्हशीच्या उंचीचा वाफा

आधी शपथ घ्या, हसणार न्हाई म्हणून. मंगच सांगतो. चहा पिता पिता हसलात, तर ठसका तुमालाच लागंल!

आमच्या हिचे गुडघे दुखून राहिले. घरापुढं मेथी-कोथिंबीर लावायचा तिला भारी नाद, पण खाली बसलं की उठता येईना. मी म्हणलं, "थांब! तुला कंबरंइतका उंच वाफा बांधून देतो. उभ्या उभ्या मेथी खुड. वाकायचं कामच न्हाई!"

आता आमच्या डोंगरकडा गावात उंच वाफ्याचं कवतिक कोनाला? हळद आमी गादीवाफ्यावरच लावतो. काहून? पाणी निथळून जावं, कंद सडू न्हाई म्हणून. जल्मभर हेच केलं मी. अन् घरी काय केलं? विटा, सिमेंट आणलं अन् तळापासून असा गिलावा केला की थेंब बाहेर जाऊ न्हाई! उन्हाळाभर टँकरमागं पळालेला माणूस मी. पाणी सोडायला भोक ठेवायचं मन धजलंच न्हाई.

मेथी उगवली बी. ही शेजारणींला बोलावून बोलावून दाखवू लागली. अन् लागली झड! वाफ्यात पाणी तुंबलं, मेथी सडली, वास सुटला. हिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. अरे, त्यापरीस शिव्या परवडल्या!

मी सगळा चिखल उपसून टाकला. वाफा पुन्हा पावसानं भरला, अन् सकाळी बघतो तर काय, शेजारच्या ग्यानबामामाची म्हैस त्यात तोंड घालून पाणी पिऊन राहिली!

मामा हात जोडून उभे. "शाब्बास रे पोरा! गेलेल्या बापाच्या नावानं गुरांना पाणी प्यायला हाळ बांधलास! मुक्या जनावरांचा दुवा लागंल तुला."

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी नारळ फोडला. माणसं जमली. कोनीतरी इचारलं, "पण हाळ येवढा उंच काहून?"

बापाचं नाव निघाल्यावर न्हाई कसं म्हणावं? मी म्हणलं, "जनावराला वाकायची तकलीफ नको म्हणून."

दारात ही पदराचा बोळा तोंडात कोंबून हसून राहिली.

तवापासून रोज सकाळी हापशावरून बादल्या आणून तो हाळ मीच भरतो. ही खुर्ची टाकून बाजारची मेथी निवडते. काल बादली उचलताना माझी कंबर धरली, तशी म्हणते कशी, "काही म्हणा, शब्दाचे पक्के तुमी! वाकायचं कामच ठेवलं न्हाई... म्हशीला."