अमेरिकेतून दोन मिस कॉल

माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझा घसा बसतो. फोन कानाला लावला तर आवाजच निघत नाही, आणि घरात पुरुष माणसं बसलेली असली की विचारायलाच नको. म्हणून माझी पोरगी चिखलीला शिवण क्लासला जायला लागली तेव्हा आम्ही मायलेकींनी बोलायचं काम ठेवलंच नाही. क्लासवर पोचली की ती घरच्या बटनाच्या फोनवर एक रिंग द्यायची आणि कापायची. एक रिंग म्हणजे पोचले. मग मी तिला लागोपाठ दोन छोटे मिस कॉल द्यायची. दोन म्हणजे समजलं, सांभाळून राहा. पुढे फुकट बोलायचे पॅक आले, गावात सगळी तासन्‌तास बोलायला लागली, तरी आमचं तेच चालू राहिलं. आमचं तेवढ्यात भागायचं.

मग तिनं आपल्या मनानं लग्न केलं. मुलगा आपल्याच तालुक्यातला, पण जातीतला नाही. पुण्याकडे कंपनीत कामाला आहे. ती दोघं तिकडेच राहतात एवढंच आम्हाला माहीत. तिच्या वडिलांनी, म्हणजे यांनी, त्या दिवसापासून तिचं नाव घेतलं नाही. फोनमधूनही काढून टाकलं. माझा मुलगा मात्र गप्प बसला नाही. आपल्या फोनवरून, दोस्तांच्या फोनवरून, पानठेल्यावरच्या माणसाच्या फोनवरून तो तिला शिव्या देत राहिला. शेवटी त्यानं माझ्या नावानं मेसेज टाकला. मी दवाखान्यात आहे, शेवटचं तोंड पाहून जा, असा. तिनं इकडच्या एका मैत्रिणीला विचारून खात्री केली. मी तेव्हा अंगणात तूर पाखडत होते. त्या दिवशी तिनं आमच्या घरचे सगळे नंबर बंद करून टाकले. मी लावला की फोनमधली बाई सांगायची, व्यस्त आहे. नाव आणि गाव दाखवणारं ते ॲप तिच्याकडे आहे, त्यामुळे इकडचा कोणताही नवा नंबर दिसला की ती उचलायचीच नाही, थेट बंद करायची.

पण तिनं आपला नंबर बदलला नव्हता. हे मी मनात धरून ठेवलं होतं. ज्याला पुरतं तोडायचं असतं तो आधी नंबर बदलतो.

उन्हाळ्यात चिखलीच्या बाजारात तिची ती मैत्रीण भेटली. तिनं मला कापडाच्या दुकानामागे नेऊन फोनवर एक फोटो दाखवला. माझी पोरगी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून बसलेली, पोट दिसत होतं. तिची ओटी भरणारी बाई कोण होती ते मला माहीत नाही. चेहरा चांगला वाटला. फोटो पाहू दिला तेवढाच, मैत्रिणीनं स्वतःचा नंबर दिला नाही. माझा मुलगा एकदा तिच्या दारात जाऊन तमाशा करून आला होता. मी फोटो दाखवला हे कोणाला सांगू नका काकू, एवढं म्हणून ती जीपकडे निघून गेली.

पोरीच्या अंगात रक्त पहिल्यापासून कमी. क्लासमध्ये दोनदा चक्कर येऊन पडली होती. आणि माझी सख्खी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली, तिच्याही अंगात रक्त नव्हतं. त्या फोटोपासून माझं जेवण उतरेना. मला तिला परत आणायचं नव्हतं, माफी मागायची नव्हती, मागून घ्यायची नव्हती. ती यातून जिवंत सुटते की नाही, एवढं मला कळायला हवं होतं. आणि ते सांगणारं जगात कोणी नव्हतं.

आमच्या गल्लीत खामगावहून आलेली एक सून आहे. बारावी शिकलेली, घरी ब्लाउज शिवते. ब्लाउज उसवायच्या निमित्तानं मी तिच्याकडे गेले आणि तिथं रडले. तिनं मशीन थांबवलं. तिच्या फोनवरून लावायचं तिला भय वाटत होतं, तिचं नाव त्या ॲपवर दिसलं असतं आणि उद्या माझा मुलगा तिच्या दारात आला असता. नवं सीम घ्यावं तर आधार लागतं, अंगठा लागतो, आणि दुकानदार माझ्या मुलाचा दोस्त. मग ती म्हणाली, इंटरनेटवर फुकट नंबर मिळतो, त्याला काहीच लागत नाही.

तिच्याकडे काच फुटलेला जुना फोन पेटीत पडला होता. त्यात सीम नव्हतं. तिनं तो आपल्या फोनच्या नेटला जोडला आणि एक ॲप उतरवलं. त्यानं आधी नाव विचारलं, मग जन्मतारीख. मला माझी जन्मतारीख माहीत नाही, तिनं तिच्या मनची टाकली. ॲप अमेरिकेचाच नंबर देत होतं, मग तिकडच्या गावांची मोठी यादी आली.

"काकू, अमेरिकेत कोणतं गाव घेता?"

"जवळचं पाहून घे."

ती हसली ती हसतच राहिली. नंतर मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

नंबर फुकट होता, पण भारतात बोलायला मिनिटं लागत होती, आणि ती मिनिटं जाहिराती पाहून मिळत होती. म्हणून मी दुपारी, घरचे पुरुष शेतात गेले की, तिच्याकडे जाऊन जाहिराती पाहायची. बहुतेक एकच यायची, फोनवरच्या कुठल्याशा खेळाची. मोडक्या घरात एक बाई आणि तिचं लेकरू थंडीनं कुडकुडत बसलेलं. खिडकी फुटलेली, चूल विझलेली. वरून एक हात यायचा आणि त्यांना काहीतरी द्यायचा. लाकूड द्यायचं सोडून फूल द्यायचा, रंगाचा डबा द्यायचा. बाई रडायची आणि जाहिरात संपायची. मी ती किती वेळा पाहिली देव जाणे. प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला तरी लाकूड देईल.

थोडी मिनिटं जमली तेव्हा तिनं माझ्यासमोर फोन धरला. आकडे मला येतात, चौथीपर्यंतची शाळा तेवढ्यापुरती पुरली. नंबर तोंडपाठ होता, मीच दाबला. बराच वेळ रिंग गेली आणि उचलला. पुरुषाचा आवाज. जावयाचा असणार, मी त्याचा आवाज त्याआधी ऐकला नव्हता.

"हॅलो. कोन?"

खामगावची मला कोपरानं ढोसत होती, बोला काकू, बोला. मी तोंड उघडत होते आणि आत काहीच नव्हतं.

"आता भाईरच्या देशाचा नंबर घेतला काय?" तो म्हणाला. ओरडला नाही, थकल्यासारखा बोलला. "ते दवाखान्यात भरती हाये. रक्त चढवून राह्यले तिले. आता तरी सोडा ना बाप्पा तिचा पिच्छा."

फोन कापला गेला. परत लावला तर लागेना. त्यानं तोही नंबर बंद केला होता.

मी खाली चिंध्यांवर बसून राहिले. रक्त चढवून राह्यले, हे एवढंच कानात. माझ्या बहिणीलाही चढवलं होतं. घरी जाऊन मी भाकरी केल्या, वाढल्या, भांडी घासली. कोणाला काही विचारता येत नव्हतं, कारण मला काही माहीत असायचंच नव्हतं. मुलगा रोज संध्याकाळी घरचा बटनाचा फोन हातात घेऊन आलेले-गेलेले कॉल पाहतो, तसा त्या संध्याकाळीही त्यानं पाहिला. त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खामगावचीनं नवा नंबर काढून दिला. या खेपेला गाव तिनंच निवडलं. जमलेली मिनिटं पहिल्या नंबरासोबत गेली. ती म्हणाली, आता मेसेज टाकू, मी आई आहे म्हणून लिहू. मी नको म्हटलं. माझ्या नावाचा मेसेज तिला एकदा गेला होता. आई हा शब्द माझ्या मुलानं आधीच खोटा करून ठेवला होता, तो मी पुन्हा वापरला तर तिला तो तिच्या भावाचाच वाटला असता.

मग मला आमची खूण आठवली. ती मुलाला माहीत नव्हती. घरात मोबाईल वाजायचा आणि बंद व्हायचा, कोणी लक्ष देत नव्हतं. तिच्या क्लासच्या वेळी, रोज दुपारी त्याच वेळेला, दोन छोटे मिस कॉल. फोन जावयाच्या हातात असेल तोवर काही उपयोग नाही. पण कधीतरी तिच्या हातात येईल. ती यातून बाहेर आली तर.

मिस कॉलला मिनिटं जात नाहीत, म्हणजे हे फुकट होतं. पण पहिल्याच दिवशी अडलं. खामगावचीनं आपला फोन हातात धरला आणि आधी त्याच्यावरच लावून पाहायला सांगितलं. मला इकडे रिंग ऐकू येत होती आणि तिच्या हातातला फोन गप्प.

"अमेरिकेत जाऊन वापस येऊन राह्यलं नं काकू, टाइम लागते."

दोन कापून दिले तरी तिच्याकडे एकही वाजला नव्हता. मग आम्ही दोघी तेच करत बसलो. मी लावायची, ती हात वर करून सांगायची, वाजला. इकडे कितव्या रिंगेला तिकडे पहिली वाजते ते माझ्या कानात बसेपर्यंत. कधी नेट सुस्त असलं की तेही चुकायचं. तरी बऱ्यापैकी जमलं.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी जाऊन दोन मिस कॉल देऊन यायची. एक, थांबून दुसरा. मग फोन पदराखाली धरून थोडा वेळ बसायची, जरी मला माहीत होतं की तिला या नंबरावर उलट लावता येणार नाही, त्याला बाहेरच्या देशाचं रिचार्ज लागतं. हा नंबर त्यांनी बंद केला नाही एवढं कळत होतं. रिंग जात होती. कोण ऐकत होतं, ते नाही. मधूनच मनात यायचं, दवाखान्यातल्या कपाटावर फोन वाजत असेल आणि उचलायला माणूसच नसेल. तसं आलं की मी उठून घरी यायची, गोवऱ्या थापायची, काहीही करायची.

काही दिवसांनी ॲपनं सूचना दिली. या नंबरावरून बोललं नाही तर तो परत घेतला जाईल. मिस कॉल त्याच्या हिशोबात धरत नव्हते. नंबर बदलला तर दोन मिस कॉल पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा अनोळखी. म्हणून परत जाहिराती पाहून मिनिटं जमवली, आणि खामगावची म्हणाली, माझ्या फोनवर लावा, आपणच बोलू. ती आपला फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी बाहेरच्या खोलीत. मधे भिंत. ती म्हणाली, बोला काकू, मी काही म्हणत नाही, तुम्ही बोला.

मी बोलले. पहिल्यांदा माझा आवाज निघाला. मी म्हटलं, बाई, तू जिवंत आहेस का. डोक्याला रुमाल बांधत जा. कानात कापूस घालत जा. अळिवाची खीर तिथं कोणी करून देतं का. मी दवाखान्यात नव्हते गं, मी तूर पाखडत होते. मिनिटं संपली आणि फोन आपोआप कापला गेला. खामगावची चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. आम्ही चहा प्यायलो.

घरात राहिलेला कापूस घेऊन मुलगा खामगावला गेला त्या दिवशीची गोष्ट. तो तिकडेच थांबणार होता. हे दुपारी शेतातून जेवायला आले. मी भाकरी थापत, वाढत होते. मी अजून मिस कॉल द्यायला गेले नव्हते, यांचं झालं की जाणार होते. कोनाड्यातला बटनाचा फोन वाजला. एक रिंग. आणि बंद.

माझा हात परातीतच राहिला. उठावं की उठू नये तेच कळेना. यांनीच उठून फोन घेतला. नाव त्यांनी काढून टाकलेलं, नुसता नंबर दिसत असणार. पण तो नंबर त्यांनाही पाठ होता, इतकी वर्षं दुकानात जाऊन त्यावर रिचार्ज त्यांनीच मारलं होतं. ते बराच वेळ उभे राहून पाहत होते. मला वाटलं, आता फोन भिंतीवर जाईल.

ते परत येऊन ताटावर बसले आणि फोन माझ्या पाटाशेजारी ठेवला.

"पोचली वाटते वं," ते म्हणाले.

इतकी वर्षं घरात ती रिंग वाजत होती आणि मला वाटायचं कोणाला माहीत नाही.

मी फोन उचलला. हाताला पीठ होतं, बटनांना लागलं. लावला. व्यस्त आहे म्हणणारी बाई आली नाही. रिंग गेली. कापला. पुन्हा लावला, कापला. हे खाली मान घालून भाजी-भाकरी खात राहिले. मग फोन त्यांनीच घेतला आणि त्यातले ते कॉल काढून टाकले, मुलगा येण्याआधी.

आता ती रोज दुपारी एक रिंग देते आणि मी दोन देते. ती आहे, एवढं मला रोज कळतं. बाळाचं मला अजून माहीत नाही. त्याच्यासाठी आमच्यात काही खूण ठरलेली नव्हती.